तिसरं नाव

"मॅडम, मी सापडत नाहीये."

असं म्हणत आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरून ग्रंथालयात शिरल्या, तेव्हा मी बाद करायच्या पुस्तकांची यादी करत होते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची देवघेव, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी प्लेसमेंटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, दिवसांत आमच्याकडे एक चक्कर मारावी. कुणाला जर्नलचा आयएसएसएन नंबर हवा असतो, कुणाला सायटेशनचा, म्हणजे पेपरचा किती वेळा हवाला दिला गेला त्याचा, आकडा, कुणाला अमुक जर्नल त्या वर्षी केअर लिस्टमध्ये, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीत, होतं याचा पुरावा. ती यादीच यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025 च्या फेब्रुवारीत बंद केली. पण फायली जुन्या वर्षांच्या, त्यामुळे स्क्रीनशॉटांना मरण नाही.

मॅडमची फाइल प्रोफेसरपदाची. किमान 10 पेपर आणि 110 गुण दाखवायचे. पेपर होते चौदा, गूगल स्कॉलर दाखवत होतं आठ. उरलेल्यांपैकी पाच माहेरी राहिले होते.

आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. मधलं नावही जातं, वडिलांच्या जागी नवरा येतो. म्हणजे 'एस. डी. अमुक'ची 'एस. आर. तमुक' होते. तिनातले दोन भाग नवे. जुना राहतो तो पहिला, आणि जर्नलवाले नेमकं त्याचंच एक अक्षर करून टाकतात. कंप्युटरच्या लेखी या दोन निराळ्या बायका, एकमेकींना न ओळखणाऱ्या. शिवाय एका पेपरात कुणी तरी वडिलांचं नाव हेच आडनाव समजून छापलेलं. ती तिसरी बाई. तिच्या नावावर एकच पेपर.

संशोधकाचं वजन मोजणाऱ्या एच-इंडेक्सचा हिशोब हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडला. ज्याच्या पाच पेपरांचा प्रत्येकी निदान पाच वेळा हवाला दिला गेलाय, त्याचा इंडेक्स पाच. मॅडमचा लग्नाआधीचा 4, लग्नानंतरचा 5. तिघींना एकत्र आणल्यावर झाला 7. बेरीज होत नाही त्याची, मॅडमचा तेवढ्यापुरता चेहरा उतरला.

यावरून मला कायम जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवतात. सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला, ही गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झालीय. माझं लक्ष नावाकडे जातं. केंब्रिजची पीएचडी 1939 ची, आणि वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम या प्रथिनावरचं तिथलं काम, ते सगळं 'भागवत' नावाने. लग्न 1947 मध्ये. मुंबईच्या विज्ञान संस्थेतलं नीरेवरचं संशोधन 'सोहोनी' नावाने. थोरल्या बहीण लेखिका दुर्गाबाई भागवत. त्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांची सगळी पुस्तकं कपाटात एका रांगेत सापडतात. एका घरातल्या दोन बहिणी, आणि एकीचं काम शोधायला दोन नावं माहीत असावी लागतात. विषय तालिकेत मी स्वतः 'भागवत, कमला – पाहा सोहोनी' असं एक कार्ड घातलंय. कार्डांची कपाटं आता स्टोअररूममध्ये आहेत ते सोडा.

मॅडमना मी ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून दिला. सोळा आकडी नंबर, फुकट मिळतो, 2012 पासून सुरू आहे. आडनाव कितीही वेळा बदला, नंबर तोच. तेवढ्यात त्यांच्या लॅबमधले तात्या मोठ्या टाइपातली ज्ञानेश्वरी रिन्यू करायला आले होते. त्यांनी 'ऑर्किड' ऐकलं आणि विचारलं, "कुठली, हबेआमरी का?"

तात्या लॅब अटेंडंट. पदव्या नाहीत, पण पठारावरची एकूण एक वनस्पती ओळखतात, तीही फूल नसताना, पानावरून. मॅडमच्या चौदा पेपरांतला सगळ्यात चांगला पेपर म्हणजे कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात एका नव्या ठिकाणी सापडल्याचा. ती सापडली कशी? कड्याच्या खाली तात्यांचं गाव. लहानपणी गुरं राखताना त्यांनी त्याचे कंद उकरून खाल्लेत. मॅडमना आणि त्यांच्या एका ज्येष्ठ सहकारी सरांना दोर धरून तिथवर नेलं ते त्यांनीच. पेपरावर नावं दोन, मॅडमचं पहिलं आणि सरांचं दुसरं. तात्या शेवटी आभारात, 'लॅब स्टाफ' या दोन शब्दांत.

"तात्यांचं नाव का नाही घातलं तेव्हा?" मी फॉर्म भरता भरता विचारलं. मॅडम गप्प. मग त्यांनी फॉर्मच माझ्याकडे वळवला.

तो कोष्टकाचा नियम मी वीसदा भरून घेतला असेन, पण असा कधी वाचला नव्हता. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत सहलेखकांची वाटणी अशी: लेखक दोन असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्याला, किंवा पत्रव्यवहार ज्याच्या नावे चालतो त्याला 70, बाकी प्रत्येकाला 30. विज्ञानाच्या पेपरला मूळ गुण 8. म्हणजे दुसऱ्या नावावर सरांना 5.6 मिळत होते. तिसरं नाव आलं की त्यांचे होणार 2.4. सरांनाही 110 गाठायचे होते. मॅडमचं काहीच कमी होणार नव्हतं, पण सरांना हे सांगायचं कुणी? त्या तेव्हा कॉलेजात नव्या होत्या.

बरं, ही वाटणी म्हणावी तर वाटणीही नाही. भाकरी वाटली की तुकड्यांची एकच भाकरी होते. इथे दोघांत वाटली की 140 टक्के, तिघांत 130, दहा जणांत 340. स्टाफरूममधल्या हुशारांनी हे केव्हाच ओळखलंय: तुझं नाव माझ्या पेपरात, माझं तुझ्या. 2015 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या दोन चमूंनी हिग्ज कणाच्या वस्तुमानावर मिळून एक पेपर काढला. लेखक 5154. पानं 33, त्यातली 24 नुसत्या नावांची आणि संस्थांची. आमच्या कोष्टकात घालून पाहिला, तर एका पेपरचे जवळजवळ साडेपंधराशे पेपर होतात. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक समिती आहे. तिच्या चार अटी सगळ्या पुऱ्या झाल्या तरच माणूस लेखक: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा सुधारण्यात वाटा, छापण्याआधी अंतिम मजकुराला संमती, आणि उद्या प्रश्न आला तर जबाबदारी. या हिशोबाने तात्या लेखक नाहीत. पेपर इंग्रजीत, तो त्यांनी वाचलेलाच नाही. पण मग त्याच हिशोबाने आमच्या कॉलेजातल्या किती सहलेखकांची नावं खोडावी लागतील, याचा आकडा मी इथे देत नाही, मला अजून चार वर्षं नोकरी करायचीय. काही जर्नलं आता लेखक कोण एवढंच न विचारता कुणी काय केलं ते लिहून घेतात, चौदा प्रकारच्या कामांची ठरलेली यादी असते. कल्पना कुणाची, पाहणी कुणी केली, सामग्री कुणी पुरवली, आकडेमोड कुणाची, पैसे कुणी आणले. त्यातल्या पाहणीवर तात्यांचा हक्क आहे असं मला वाटतं. फॉर्मला अर्थात त्या चौदांशी देणंघेणं नाही, त्याला आकडाच लागतो.

गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रवाल्यांइतकं श्रेयाच्या बाबतीत काटेकोर कुणी नसेल. शिंदळ माकुडीचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका डॅल्झेल. यातला डॅल्झेल म्हणजे तिचं पहिलं वर्णन करणारा, आणि फ्रेरिया हे मुंबईच्या गव्हर्नरच्या, बार्टल फ्रियरच्या, नावावरून. एखाद्या वनस्पतीला पुढे कुणी दुसऱ्या प्रजातीत हलवलं, की हलवणाऱ्याचं नाव शेवटी येतं, पण पहिलं वर्णन करणाऱ्याचं सहसा पुसलं जात नाही, ते कंसात बसतं. दीडशे वर्षांनीही. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात लेबल असतं: कुळ, नाव, ठिकाण, उंची, तारीख, संकलक, संकलन क्रमांक, कुणी ओळखली. मॅडमनी त्या कंदीलपुष्पाचा कागद मला मुद्दाम आणून दाखवला. तपकिरी पडलेला वेल पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला, कंद अर्धा कापून शेजारी. लेबलवरचं अक्षर वळणदार, मराठी शाळेतलं. अक्षर तात्यांचं. संकलक: सरांचं नाव.

तात्या ज्ञानेश्वरी घेऊन उभेच होते. मी ती पाठीमागून उघडली, कारण मला शेवटची ओवी पाहायची होती. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली, आणि 'सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला'. सांगितली ज्ञानेश्वरांनी, तरी लेखक म्हणून नाव उतरवून घेणाऱ्याचं. लेखक म्हणजे तेव्हा हाताने लिहिणारा. ग्रंथाच्या शेवटच्या ओळीत त्याला जागा मिळाली, आणि ज्ञानेश्वरांचं त्यात काही घटलं नाही. तिथे टक्क्यांचं कोष्टक नव्हतं.

"तात्या, पुढच्या पेपरात तुमचं नाव घालायचं म्हणतायत मॅडम," मी म्हटलं. मॅडम तसं म्हणाल्या नव्हत्या, पण मान हलवली त्यांनी.

"पगार वाढतो का त्याने?"

"नाही."

"मग घाला. पण आडनाव विचारून घाला." त्यांचं आडनाव सर्व्हिस बुकात एकतीस वर्षं चुकीचं पडलंय. पुढच्या वर्षी रिटायर होणार, पेन्शनची फाइल अडायला नको म्हणून आता ॲफिडेव्हिट, गॅझेट असं सगळं चाललंय.

"मग पेपरात कुठलं घालू, खरं की सर्व्हिस बुकातलं?" मॅडमनी विचारलं.

तात्यांनी पुस्तक पिशवीत घातलं. "पेन्शन ज्या नावाने येईल ते."