फुटलेलं जास्वंद

"मॅडम, तुमचं फूल फुटलं काय जी?"

फळ्यावर जास्वंद काढून त्यावर पट्टीने आडव्यातिडव्या रेघा मारत होते. क्यूबिझम ही चित्रशैली शिकवायची होती, धरमपेठेतल्या सात-आठ वर्षांच्या पोरांना. आगाऊपणाच, दुसरं काय.

पिकासो आणि ब्राकने 1907 नंतर पॅरिसमध्ये एकच वस्तू अनेक बाजूंनी एकदम दाखवायला सुरुवात केली, हे कसं सांगणार? म्हणून खरी जास्वंदं वाटली आणि म्हटलं, फिरवून बघा.

एका पोरीने पाच लाल पाकळ्यांच्या तुकड्यांमध्येच मागचा हिरवा देठ काढला. मधला पिवळा तुरा भलतीकडेच, कोपऱ्यात.

"देठ समोरून दिसतो का गं?"

"दिसत नाही म्हणून काय झालं? आहे ना तिथे!"

मी गप्प. माझं अर्ध्या तासाचं भाषण तिने एका वाक्यात उरकलं होतं.

सुटताना तिची आई आली. चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "छान आहे, पण नीट फूल कधी शिकवणार?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हणाले.

पोरगी माझ्याकडे बघत होती. घरी आले तरी तेच डोक्यात. का म्हणाले असेन मी तसं?