तुम्ही विचारलंत म्हणून: चोरी तर फसली होती, मग निक्सन गेला का?

मेरीलँडला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात भारतातून कुणी ना कुणी येतं आणि आम्ही त्यांना वॉशिंग्टन दाखवायला नेतो. पोटोमॅक नदीकाठच्या रस्त्यावर वळणावळणाच्या सज्ज्यांची एक मोठी इमारत लागते. मी म्हणते, "हे वॉटरगेट. इथल्या चोरीच्या प्रकरणात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन याला 1974 मध्ये राजीनामा द्यावा लागला." मग ठरलेला प्रश्न येतो. मागच्या वर्षी मावशीने विचारला: "अगं, चोर तर पकडले गेले, हाती काही लागलं नाही. तेवढ्यासाठी राष्ट्राध्यक्ष घालवला? आणि त्यातून पुढे निघालं काय?" गाडी चालवताना मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

मावशी, तुझं निम्मं बरोबर आहे. 17 जून 1972 च्या मध्यरात्रीनंतर फ्रँक विल्स नावाच्या चोवीस वर्षांच्या पहारेकऱ्याला एका दाराच्या खिट्टीवर चिकटपट्टी दिसली. सफाईवाल्यांनी लावली असेल समजून त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीला आला तर पट्टी पुन्हा लावलेली. त्याने पोलिसांना फोन केला आणि वॉटरगेटमधल्या, निक्सनच्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच माणसं सापडली. हातात रबरी मोजे, जवळ चोरून ऐकण्याची उपकरणं. ही मंडळी मे महिन्यात एकदा आत जाऊनही आली होती. त्यांच्यातला एक जण निक्सनच्या निवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख होता. हे सगळं छापून आलं, तरी नोव्हेंबरात निक्सन 50 पैकी 49 राज्यं जिंकला. लोकांना त्याचं काही वाटलं नाही, हे मला आजही बोचतं.

तो गेला ते चोरीमुळे नाही, चोरीवर घातलेल्या पांघरुणामुळे. चोर पकडले गेल्यावर सहाच दिवसांनी, 23 जूनला, त्याने आपल्या मुख्य सहाय्यकाला मान्यता दिली: एफबीआयचा तपास सीआयएकडून थांबवून घ्या, देशाच्या सुरक्षेचं कारण सांगा. आणि हे संभाषण त्याच्याच यंत्राने टिपून ठेवलं होतं. फेब्रुवारी 1971 पासून व्हाइट हाउसमध्ये टेप फिरत होत्या. मोजक्या माणसांनाच ते ठाऊक होतं. 16 जुलै 1973 रोजी निक्सनचा माजी सहाय्यक अलेक्झांडर बटरफील्ड याला सिनेटच्या समितीसमोर थेट विचारलं गेलं आणि त्याने खरं सांगून टाकलं. झाकली मूठ तिथे उघडली.

पुढचं वर्ष टेप मिळवण्यातच गेलं. या प्रकरणाच्या तपासासाठी नेमलेला विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स मागे हटेना, तेव्हा 20 ऑक्टोबर 1973 च्या शनिवारी निक्सनने त्याला काढायचा हुकूम सोडला. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, इलियट रिचर्डसनने नकार देऊन राजीनामा दिला, कारण कॉक्सच्या कामात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द त्याने सिनेटला दिला होता. त्याच्या हाताखालच्या विल्यम रकल्सहाउसनेही नकार दिला. तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्कने हुकूम बजावला. पहिले दोघं निक्सनच्याच पक्षाचे, त्यानेच नेमलेले. 24 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेप द्याव्याच लागतील असा निकाल आठ विरुद्ध शून्य मतांनी दिला. त्या आठांतले तिघे निक्सननेच नेमलेले होते. 5 ऑगस्टला ते 23 जूनचं संभाषण जगापुढे आलं आणि 9 ऑगस्टला त्याने पद सोडलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. लोक निवडणूक निधीचे, पाळत ठेवण्याचे कायदे सांगतात. तेही खरेच. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तोवर राष्ट्राध्यक्षाचे कागद त्याची खाजगी मालमत्ता मानले जात. 8 सप्टेंबर 1974 रोजी नव्या राष्ट्राध्यक्षाने, जेराल्ड फोर्डने, निक्सनला संपूर्ण माफी दिली. त्याच दिवशी एक करारही जाहीर झाला: टेपवर ताबा निक्सनचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर किंवा 1 सप्टेंबर 1984 ला, जे आधी येईल तेव्हा, त्या नष्ट करायच्या. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच डिसेंबरात कायदा करून त्या सरकारजमा केल्या. 1978 च्या कायद्याने तर पुढच्या राष्ट्राध्यक्षांची सगळी दप्तरं जनतेच्या मालकीची ठरवली.

मावशी, याचा तुझ्यामाझ्याशीही संबंध आहे. नोव्हेंबर 1971 मध्ये इंदिरा गांधी बांगलादेशच्या निर्वासितांचं संकट घेऊन व्हाइट हाउसला गेल्या होत्या. 5 तारखेच्या सकाळी निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर त्यांच्याबद्दल आणि भारतीयांबद्दल जे बोलले, तेही त्याच टेपवर आहे. 2005 मध्ये ते उघड झालं आणि किसिंजरला खेद व्यक्त करावा लागला. मी ते इअरफोन लावून ऐकलं आहे. आपल्या देशाच्या पंतप्रधानांना 'चेटकीण' म्हणणारा तो आवाज ऐकताना माझे हात थरथरत होते. लाखो माणसं घरदार सोडून बंगालमध्ये चिखलात बसली होती आणि इथे हे चाललं होतं. तो करार पाळला गेला असता तर हे कुणाला कधी कळलं नसतं.

माफीचं मात्र मला कधीच पटलं नाही. फोर्डला नंतर त्याच माफीसाठी धैर्याचा पुरस्कार मिळाला. देशाची जखम भरावी असं त्याला मनापासून वाटत असेलही. पण निक्सनची माणसं तुरुंगात गेली, माजी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेलसुद्धा गेला, आणि ज्याच्यासाठी त्यांनी ते केलं तो घरी राहिला. राष्ट्राध्यक्षपदी असताना केलेल्या कृत्यासाठी खटला चालू शकतो का, याचा निकाल तेव्हा लागायला हवा होता. चालू शकतो असं फोर्ड आणि निक्सन दोघंही धरून चालले होते, नाहीतर माफी कशाला लागली असती? तो प्रश्न पन्नास वर्षं तसाच पडून राहिला. 1 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की घटनेने दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांपुरतं राष्ट्राध्यक्षाला पूर्ण संरक्षण आहे, आणि पदाच्या इतर कामांसाठीही ते आहे असंच आधी धरून चालायचं. त्या दिवशी मी 23 जूनचं ते संभाषण पुन्हा ऐकलं. सीआयएला सूचना देणं हे पदाचंच काम, असं म्हणणारा वकील आता सहज मिळेल.

त्या टेपांत 20 जून 1972 ची एक आहे. तिच्यात साडेअठरा मिनिटं नुसती घरघर ऐकू येते. ते चुकून पुसलं गेलं नव्हतं, निदान पाच वेळा यंत्र चालू-बंद करून पुसलं होतं, असं तज्ज्ञांनी 1974 मध्येच सांगितलं. राष्ट्रीय अभिलेखागाराने नवं तंत्र वापरून तिच्यातले शब्द परत मिळवायचा प्रयत्न केला आणि 2003 मध्ये ते जमत नसल्याचं जाहीर केलं. टेप मात्र टाकून दिलेली नाही. पुढे कधीतरी जमेल म्हणून अजून जपून ठेवली आहे.