कान म्हणतो घे, मान म्हणते नको

आज मित्राकडे दोन महागडे हेडफोन आलटून पालटून ऐकले. पहिला प्लॅनर मॅग्नेटिक (चुंबकांजवळच्या सपाट, पातळ पडद्यातून आवाज काढणारा), वजन ६०० ग्रॅमच्या वर. जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं, तर डग्ग्याची घुमक थेट छातीत! पण विलंबित संपून द्रुत सुरू होईपर्यंत मान पार अवघडली.

मग सेनहायझरचा एचडी ८०० एस, ३३० ग्रॅम. बेस जरा हात राखून, पण तानपुऱ्याची तार न् तार सुटी ऐकू येते आणि डोक्यावर काही आहे हेच विसरायला होतं. मात्र ३०० ओहमचा, म्हणजे विद्युत रोध जास्त, तेव्हा चांगला अॅम्प (आवाजाला जोर देणारा अॅम्प्लिफायर) वेगळा घ्या. शिवाय ओपन-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी, त्यामुळे शेजारच्यालाही फुकट मैफल. (लोकलमध्ये तर विसराच.)

मला विचाराल तर थोडा डग्गा सोडून मी मान वाचवेन. लाखाच्या घरातली रक्कम हाताशी आली, तर.