नॅव्हिगेशन दिवा: साचा एक, रंग तीन

लहान विमानाला रात्री उडायचं तर तीन दिवे लागतात: डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा. बाजारात हे तीन वेगवेगळे नग म्हणून मिळतात. त्यांची काच वेगळी, बल्ब वेगळा, १४ आणि २८ व्होल्टची आवृत्ती वेगळी. एलईडी आल्यावर या वेगळेपणाचं कारणच उरलेलं नाही. एकच सांगाडा, एकच सर्किट आणि एकच ड्रायव्हर (एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट) तिन्ही जागी चालतो. त्यासाठी दिव्याचा विचार मात्र भिंगापासून न करता सावलीपासून करावा लागतो.

आधी नियम पाहू. अमेरिकेच्या एफएआर २५ आणि युरोपच्या सीएस-२५ या मोठ्या विमानांच्या नियमांत आकडे सारखेच आहेत, तेच इथे धरू. लाल आणि हिरव्याने नाकाच्या सरळ रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंश व्यापायचे, मागचे उरलेले १४० अंश पांढऱ्याचे. लाल-हिरव्याला पहिल्या १० अंशांत किमान ४० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं माप), १० ते २० अंशांत ३०, पुढे ११० पर्यंत फक्त ५. पांढऱ्याला २०. बहुतेकांचं लक्ष या किमान आकड्यांवरच असतं. खरी अडचण नियमातल्याच पुढच्या तक्त्यात आहे: हद्दीपलीकडे किती उजेड सांडू द्यायचा. लाल दिवा हिरव्याच्या हद्दीत १० ते २० अंश शिरला तर तिथे जास्तीत जास्त १० कँडेला, त्यापुढे फक्त १. पुढच्या दिव्याची सर्वोच्च तीव्रता १०० च्या वर असेल तर थोडी सवलत आहे, तिच्या १० टक्के आणि २.५ टक्के. समोरून येणाऱ्या वैमानिकाला लाल आणि हिरवा एकत्र दिसतात तो पट्टा जितका अरुंद, तितकं समोरचं विमान नेमकं कुठे चाललंय हे त्याला लवकर कळतं. म्हणून दिव्याची सगळी गुणवत्ता या कडेवर जोखायची.

कड धारदार करण्याचा सोपा उपाय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा १ मिमी पत्रा, मॅट काळा. सावलीची कड किती पसरट होईल हे दोनच गोष्टींवर ठरतं: प्रकाशस्रोताची रुंदी आणि पत्र्याचं अंतर. एलईडीची दिसणारी रुंदी २ मिमी आणि पत्र्याची कड तिच्यापासून २० मिमी दूर असेल, तर पूर्ण उजेडापासून पूर्ण सावलीपर्यंत जेमतेम ६ अंश जातात. अंतर १० मिमी केलं की ते ११ अंश होतात आणि गणित बिघडतं. म्हणून एलईडी आडव्या ओळीत कधीही लावू नयेत. पत्र्याच्या कडेला समांतर, एकाखाली एक उभे लावले की चार एलईडी असूनही स्रोताची रुंदी २ मिमीच राहते. सावली शून्य अंशावर सुरू करू नका, बसवण्यातली ढिलाई गृहीत धरून ती १-२ अंश पलीकडे सुरू करा. ८ अंशांवर ती पूर्ण होते, नियमाची मोजणी १० पासून सुरू होते.

आता मांडणी. सांगाड्याला दोन उभे पृष्ठभाग, एकमेकांशी ६० अंशांत. पहिल्यावर ४ एलईडी, तोंड नाकापासून २० अंश बाहेर. दुसऱ्यावर २, तोंड ८० अंशांवर. वर भिंग नाही. ३५० मिलीअँपियरला ८० लुमेन (सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश) देणारे लाल एलईडी धरले तर चारांच्या गटाची सर्वोच्च तीव्रता सुमारे १०२ कँडेला (लुमेन भागिले π), आणि अगदी समोर बाजूच्या दोघांचा वाटा धरून सुमारे १०५. यातून काचेचे १० टक्के, उष्णतेचे ३५ टक्के आणि म्हातारपणाचे ३० टक्के वजा केले की ४३ उरतात. गरज ४० ची आहे. उष्णतेचा आकडा मोठा वाटेल, पण तापल्यावर लाल एलईडी हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त मंदावतो. लाल पास झाला की हिरव्याची काळजी उरत नाही.

हाच सांगाडा शेपटीला लावताना दोन पृष्ठभागांचा मध्य थेट मागे करायचा आणि पत्रे ७० अंशांचे बसवायचे. १०० लुमेनचे पांढरे एलईडी घेतले तर, ते तापल्यावर लालइतके मंदावत नसल्याने, सगळ्या वजावटीनंतर कमजोर कडेलाही २६ कँडेला मिळतात. डाव्याचा उजवा करायला तर काहीच बदलावं लागत नाही, फक्त रंग. सांगाडा वर-खाली सारखा ठेवा, विमानाच्या लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फिरवला की झाला उजवा. त्यासाठी पाणी निघायचं २ मिमीचं छिद्र दोन्ही टोकांना हवं. वरचं बुजवायचं, खालचं उघडं. पूर्ण हवाबंद करायच्या मोहात पडू नका. वर गेल्यावर आतली हवा बाहेर पडते आणि उतरताना दिवा ओली हवा आत ओढतो. कुठल्याही सीलमधून ती वाट काढतेच.

रंग एलईडीचाच हवा, काच पारदर्शक. जुन्या लाल काचेमागे पांढरा एलईडी बल्ब बसवणं ही सर्रास होणारी चूक: पांढऱ्या एलईडीत लाल भाग कमी असल्याने काचेतून फार थोडं बाहेर येतं. लाल ६२० ते ६३० नॅनोमीटर घ्या. ५९० चा अंबर नियमात बसत नाही. हिरवा ५२० ते ५३० चा घ्या. ५४० कडे झुकलेला पिवळसर माल परत करा. पांढरा ५००० ते ६५०० केल्विन. ७५०० च्या पुढचा निळसर पांढरा रंगाच्या हद्दीबाहेर जातो.

सर्किटमध्ये तीन-तीन एलईडींच्या दोन माळा, प्रत्येकीत दोन पुढचे आणि एक बाजूचा, प्रत्येकीला स्वतंत्र बक (व्होल्टेज उतरवणारा) ड्रायव्हर. हिरव्याची माळ ९.६ व्होल्ट घेते, म्हणजे अल्टरनेटर गेला आणि बॅटरी ११ वर आली तरी दिवा पूर्ण तेजाने चालतो. तोच ड्रायव्हर २८ व्होल्टच्या विमानातल्या व्होल्टेजच्या झटक्यांसाठीही रेट केलेला असला की तिथेही चालतो. एक माळ तुटली तर दिवा नियमात बसत नाही, पण अंधारही होत नाही. मंद करण्यासाठी पीडब्ल्यूएम (करंट वेगाने चालू-बंद करणं) अजिबात नको. आणि स्ट्रोब (लखलखणारा इशारा दिवा) याच बोर्डावर घालू नका. स्ट्रोबला ४०० कँडेला परिणामी तीव्रता (डोळ्याला जाणवणारी) लागते, ०.१ सेकंदाच्या झगमगाटाला त्यासाठी खरे १२०० कँडेला द्यावे लागतात. त्या झटक्यांचा करंट शेजारच्या शांत ड्रायव्हरला हलवतो. बहुउपयोगीपणाची हद्द इथे आखायची.

सहा एलईडी मिळून ५ वॅटच्या आसपास उष्णता टाकतात. पंखाचं टोक फायबरग्लासचं असेल तर ते ती शोषत नाही, सांगाड्यालाच १२५ चौ. सेंमी उघडा पृष्ठभाग द्यावा लागतो. स्थिर हवेत तो सुमारे ४० अंश तापतो. नागपूरच्या मे महिन्यात, धावपट्टीच्या कडेला उभ्या विमानात, हिशेब ४५ वर ४० असा होतो. म्हणून लाल दिव्याची मोजणी अर्धा तास पेटवून ठेवल्यावरच करा.

मोजायला अंधारी खोली, लक्समीटर आणि फिरती पाटी पुरते. १ मीटरवर जितके लक्स तितके कँडेला. उणे ३० ते १३० अंश, पाच-पाच अंशांनी. स्वस्त मीटर लाल रंगात चुकतात, तेव्हा ज्याचे लुमेन माहीत आहेत अशा लाल एलईडीशी ताडून घ्या. आकडा १ कँडेलाच्या खाली येत नसेल तर पत्र्याला दोष देण्याआधी काचेकडे पाहा: तिच्या दोन्ही बाजूंवरून उलटलेला ८ टक्के प्रकाश नको तिकडे जातो. आतला सगळा भाग मॅट काळा करा. काचेचा दोष नसेल तर पंखाकडे पाहा. दिव्याशेजारचा चकचकीत पांढरा रंग हाच बऱ्याचदा गुन्हेगार असतो. हातभर मॅट पट्टा मारला की आकडा उतरतो. काच पॉलिकार्बोनेटची असेल तर स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला पडू नये म्हणून लावायचा गोंद) लावू नका, त्याच्या वाफेनेसुद्धा भोकांभोवती तडे जातात.

विमानावर बसवल्यावर इंजिन बंद, रेडिओ चालू, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडा. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ फिरवत दिवा चालू-बंद करा, मग १०८ ते ११८ मध्ये व्हीओआर आणि लोकलायझर (दिशा आणि धावपट्टीची रेषा दाखवणारे रेडिओ संकेत). खरखर वाढली तर ड्रायव्हरच्या तोंडाशी कॉमन-मोड चोक (तारांवरचा गोंगाट अडवणारी कॉइल), सिरॅमिक कपॅसिटर आणि पिळाची शील्ड केलेली वायर. व्हीओआरचा अँटेना पंखाच्या टोकात असेल तर हे आधीच घाला, नंतर पंख उघडून घालणं जड जातं.

तिन्ही दिवे बाहेरून सारखे दिसत असल्याने एक धोका तयार होतो: लाल उजवीकडे बसण्याचा. लेबलवर विसंबू नका. पंखातल्या बैठकीत ३ मिमीची पिन, डावीकडे एका जागी, उजवीकडे दुसऱ्या, शेपटीला तिसऱ्या. दिव्याच्या तळाला त्या रंगापुरतं एकच भोक पाडा, एलईडी जोडतानाच. चुकीचा दिवा बैठकीवर टेकताच कामा नये.