घोड्याचं इसबगोल

इसबगोलाचं एक बरं असतं, ते थांबत नाही. पेल्यात दोन चमचे टाकायचे, ढवळायचं आणि लगेच घटाघटा प्यायचं. मध्येच फोन आला की संपलं, पेल्यात चमचा उभा राहतो. हीच भुशी फ्लोरिडातल्या ओकालाला घोड्यांसाठी बादल्यांनी विकतात, आणि ती बहुतेक गुजरात-राजस्थानातून गेलेली असते.

कारण आहे वाळू. ओकालाच्या भोवती खाली चुनखडी आणि वर वाळू. कुरण आखूड झालं की घोडा गवत मुळासकट उपटतो, जमिनीवर टाकलेलं दाणावैरण वेचताना वाळूही ओढतो. ती मोठ्या आतड्यात साचून पोटशूळ उठतो. तपासायचं कसं? लिदीचे पाचसहा गोळे जमिनीला न टेकलेले, वरवरचे उचलावेत, पारदर्शक पिशवीत पाणी घालून कुस्करावेत आणि पाव तास टांगून ठेवावेत. तळाशी चमचाभर वाळू बसली तर समजावं. तळ स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. कधी कधी वाळू आतच बसलेली असते. ती बाहेर पडावी म्हणून ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास भुशी, महिन्यातून सलग सात दिवस. रोज दिली तर आतड्यातले जंतू तीच पचवायला शिकतात, असं म्हणतात. आणि आधी भिजवायची नाही. एकदा लगदा झाला की घोडा तोंड फिरवतो. कोरड्या दाण्यात थोड्या तेलानं चिकटवून द्यावी. आपल्या जुन्या मोतद्दारांचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, याहून सोपा: खाणं थेट तोंडाशी, जमिनीचा संबंधच नाही.

मग अशा जागी घोडे पाळतातच का? तर चुन्यासाठी. चुनखडीतून आलेल्या पाण्यात नि गवतात कॅल्शियम असतं आणि शिंगरांची हाडं भक्कम होतात, अशी तिथल्या पागेवाल्यांची खात्री. विड्याला चुना लावणाऱ्यांना हे निराळं सांगायला नको. १९४३ मध्ये शर्यतीच्या घोड्यांची तिथली पहिली पागा काढणारा कार्ल रोज मूळचा रस्ते बांधणारा इंजिनिअर, चुनखडी त्याच्या रोजच्या ओळखीची. तेरा वर्षांनी, १९५६ मध्ये, केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकणारा फ्लोरिडात जन्मलेला पहिला घोडा याच गावचा निघाला. नाव नीडल्स, म्हणजे सुया. शिंगरू असताना न्यूमोनियात इतकी इंजेक्शनं टोचली होती, की दुसरं नाव कुणाला सुचलं नसावं.

त्याच वाळूतून पाऊस खाली मुरतो, चुनखडी विरघळवत पोकळ्या करतो आणि लांब कुठं तरी झऱ्यातून वर येतो. पाणी बारा महिने २२ अंशांचं: मे महिन्यात अंगावर काटा, जानेवारीत कोमट. यातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यात पोहता येत नाही. तिथं काचेच्या तळाच्या होड्या, १८७० च्या दशकापासून. डुंबायचं तर शेजारच्या ओकाला राष्ट्रीय वनात, ज्युनिपर स्प्रिंग्जला. हे जंगल १९०८ पासूनचं, मिसिसिपीच्या पूर्वेकडचं सगळ्यात जुनं राष्ट्रीय वन.

ज्युनिपरवरून कनूनं, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीनं, खाली जायचं, सात मैल, चार ते पाच तास. वापरून फेकायच्या बाटल्या-डब्यांना मनाई, म्हणून पाणी घरच्या स्टीलच्या बाटलीत. सुरुवातीचा ओढा इतका अरुंद, की वल्ह्यापेक्षा डोकं जास्त वळवावं लागतं. मागं बसणाऱ्यानं दिशा धरायची, पुढच्यानं पाण्यातले ओंडके सांगायचे. नवरा-बायकोंनी एकाच कनूत बसू नये, हे माझं खासगी मत. होडी उलटते ती नेहमी एकाच चुकीनं: फांदी समोर आली की माणूस ती धरतो. तो फांदीपाशी राहतो, होडी प्रवाहाबरोबर पुढं. फांदीला हात लावायचा नाही, पुढं वाकायचं.

सिल्व्हर नदीकाठी माकडं दिसली तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. तीही जात आपल्याकडचीच, उत्तर भारतातली लाल तोंडाची. १९३०च्या दशकात एका होडीवाल्यानं गिऱ्हाईक वाढावं म्हणून ती नदीतल्या बेटावर सोडली. त्याचं नाव कर्नल टूई. कर्नल हे नावच, हुद्दा नव्हे. पाणी ओलांडून ती जाणार नाहीत, असा त्याचा हिशोब. ती पोहत काठाला लागली आणि आजही तिथंच आहेत. त्यांना खायला घालायला बंदी आहे, शिवाय त्यांच्यातल्या कित्येकांच्या अंगात माणसाला घातक ठरू शकणारा हर्पिस बी विषाणू असतो. तेव्हा केळी पिशवीच्या तळाशी. आणि इसबगोल घरीच.