रुळांसारखी गुणसूत्रं

लॅबमध्ये आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं: 'नवजात, कॅरिओटाइप', म्हणजे नवजात बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी. लक्षणांचा रकाना कोरा. हा कोरा रकाना मी रोज पाहते आणि रोज चिडते. गुणसूत्रं तर मोजायची, त्याला लक्षणं कशाला, असं डॉक्टरांना वाटत असावं.

पेशी वाढवायला ७२ तासांचं कल्चर, मग जी-बँडिंग, म्हणजे गुणसूत्रांवर पट्टे उमटवणं. २० मेटाफेज, म्हणजे विभागणीच्या मध्यावर असलेल्या पेशींमधले गुणसूत्रांचे संच, मोजले. गुणसूत्रं ४६, पट्टे जागच्या जागी. 'नॉर्मल' असा रिपोर्ट टाइपही झाला होता.

एक स्लाइड मी पट्टे न काढता नुसती गिम्सा या रंगाने रंगवते, स्प्रेडिंग, म्हणजे गुणसूत्रं नीट पसरलीत का, ते बघायला. त्या स्लाइडवर गुणसूत्रांना कंबरच नव्हती. एरवी दोन्ही क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्राच्या दोन जोड प्रती, सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे त्या कमरेपाशी, चिमटीत धरल्यासारखे दिसतात. इथे ते नेमके तिथेच फाकलेले, आगगाडीच्या रुळांसारखे शेजारी शेजारी.

सर म्हणाले, "कोल्सेमिड जास्त वेळ राहिलं असेल. असले मेटाफेज सोड, चांगले निवड."

कोल्सेमिड पेशींची विभागणी मेटाफेजमध्येच थांबवतं, पण जास्त वेळ राहिलं तर क्रोमॅटिड सुटे होतात; आम्हा सगळ्यांना तसंच शिकवलंय. पण त्याच दिवशी, त्याच बाटलीतलं कोल्सेमिड घातलेले आणखी चार नमुने होते आणि त्यांचे सेंट्रोमिअर घट्ट होते. सी-बँडिंग केलं, म्हणजे सेंट्रोमिअरजवळचा भागच गडद दिसेल असं रंगवलं. १, ९ आणि १६ नंबरच्या गुणसूत्रांवर जिथे एक गडद ठिपका हवा, तिथे दोन, एकमेकांपासून सुटलेले. स्लाइड सरांसमोर ठेवल्या. ते बराच वेळ आयपीसवरून डोळा काढेनात. मग म्हणाले, "वॉर्डात फोन लाव."

बाळाचे हातपाय फार आखूड होते, ओठ दुभंगलेला. रॉबर्ट्स सिंड्रोम.

पेशी विभागण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत बनते. ती जोडी एकत्र धरून ठेवतं ते कोहेसिन, प्रथिनांचं एक कडं. ईएससीओ-२ हे एन्झाइम त्या कड्यातल्या एसएमसी-३ या प्रथिनावर अ‍ॅसिटिल गट चढवतं, तेव्हा पकड पक्की होते. या बाळात तेच निकामी होतं. पुढे जनुक तपासणीत ते दिसलंही. या आजारामागे ईएससीओ-२ चं जनुक आहे हे २००५ साली सापडलं. हेच कोहेसिन डीएनएचे फास घालून कुठलं जनुक कधी चालू व्हायचं तेही सांभाळतं. ते डीएनएवर चढवणारं एनआयपीबीएल हे प्रथिन कमी पडलं की कॉर्नेलिया द लांग सिंड्रोम हा वेगळा जन्मजात आजार होतो. त्या मुलांची गुणसूत्रं मात्र माझ्या मायक्रोस्कोपखाली बहुतेक वेळा नॉर्मलच दिसतात.

रॉबर्ट्समध्ये आईवडील दोघंही वाहक असतात, पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. माझा टाइप केलेला रिपोर्ट हातात पडला असता, तर ते दोघं निश्चिंत होऊन घरी गेले असते.

तेव्हापासून जुन्या स्लाइडच्या पेट्या काढून बसते. 'स्प्रेडिंग खराब, वगळले' असा शेरा, माझ्याच अक्षरात, अनेक स्लाइडवर आहे. काल चौदावी पाहिली. त्यातले सेंट्रोमिअर घट्ट होते.