बाभळीचं ताट, टप्पा तिसरा: नक्षी नको, काठ हवा

थोरल्या आत्यासाठी करत असलेलं बाभळीचं ताट एकदाचं लेथवरून, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावरून, उतरलं. वाटी अजून वाळतेय, पेल्याचं काम अर्ध्यावर आहे.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: आत्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. ती लातूरला आमच्याकडेच असते. ताटावर बसते, पण निम्मं जेवण तसंच राहतं. भूक नाही म्हणावं तर तेही नाही; कुणी हातात घास दिला की निमूट खाते. ताटात काय आहे हेच तिला उमगत नाही, असं हळूहळू आमच्या लक्षात आलं. चकचकीत स्टीलचं ताट, त्यात पांढरा भात, पांढुरकी ज्वारीची भाकरी, दही, आणि वर ट्यूबलाइट. पंखा चालू असला की त्याची पाती ताटात फिरताना दिसतात. धडधाकट माणसाच्या नजरेला हे टोचत नाही, तिला टोचतं.

ताट आणि अन्न यांच्या रंगात उठाव असावा, हे काही माझं डोकं नाही. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २००४ साली छापून आलेला प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) बराच पुढे गेलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटल्या आणि पेले दिले, तर खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. गडद निळ्यानेही फरक पडला, फिक्या लाल-निळ्याने पडला नाही. म्हणजे करामत लाल रंगाची नव्हे, उठावाची. रुग्ण अवघे नऊ होते, म्हणून ते आकडे मी आपल्या घरावर चिकटवत नाही. दिशा मात्र पटली.

तैवानची डिझायनर शा याओ हिने आपल्या आजीच्या आजारपणावरून 'ईटवेल' नावाचा संच केला. २०१४ साली स्टॅनफर्डच्या दीर्घायुष्य केंद्राच्या स्पर्धेत तो पहिला आला. आतून निळे वाडगे, तळ एका बाजूला उतरता, म्हणजे अन्न आपोआप एका कडेला गोळा होतं. उतरत्या तळाची कल्पना मी सरळ उचलली. पण तो संच चमच्यासाठी आहे आणि आमची आत्या चमच्याला हात लावत नाही. तिचं जेवण म्हणजे भाकरी कुस्करायची, वर वरण ओतायचं, पाच बोटांनी कालवायचं. डोक्यातून नावं-गावं पुसली जातात तरी हाताची सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. ती सवय मोडून तिच्यापुढे नवीनच भांडं ठेवायचं, हे मला काही पटेना.

आता लाकडाकडे. 'शिसव घे, काय देखणी नक्षी असते' असं प्रत्येकाने सांगितलं. घरात प्रदर्शनातून आणलेली शिसवीची एक थाळी होती, काळ्या-तांबूस पट्ट्यांची आणि मध्ये एक गाठ असलेली. तीच आत्यापुढे ठेवून पाहिली. भाताकडे तिने पाहिलंच नाही. त्या गाठीभोवतीच्या बारीक काळ्या रेघा ती अंगठ्याच्या नखाने खरवडत बसली. मग थाळी उचलून बायकोपुढे धरली, "मुंग्या लागल्यात की गं ह्याला!" बायकोनेही वाद न घालता थाळी पदराने पुसून परत दिली. आत्या पुन्हा खरवडायला लागली.

आपण लाकूडवेडी माणसं वखारीत ज्याच्यासाठी ढीग उपसतो, गाठी, पट्टे, गाभ्याला लागून पांढऱ्या लाकडाची कड, ते सगळं या कामात आधी बाजूला टाकायचं. फळी जितकी सपक, तितकी बरी. शेजारच्या शिवारात बांधावरची एक जुनी बाभूळ उन्मळून पडली होती. तिचा गाभा तांबूस-तपकिरी, जवळजवळ एकसारखा, आणि तेल पाजल्यावर आणखी गडद होतो. त्यावर भात, भाकरी, दही लांबूनही उठून दिसतं. वरणही दिसतं. अंबाडीची भाजी मात्र बुडून जाते. तिच्यासाठी आंब्याच्या फिक्या लाकडाची वेगळी वाटी वाळत ठेवली आहे. शिवाय बाभूळ जड असते, ताट जागचं हलत नाही. आमच्या घरची वाकसाने (सुताराच्या आडव्या पात्याच्या हत्याराने) कोरलेली जुनी काठवट बाभळीचीच आहे, त्यामुळे घरात कुणाला हे लाकूड परकं वाटलं नाही.

ओलं लाकूड असल्यामुळे दोनदा कातणं आलंच. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या साधारण १० टक्के जाड ठेवली, फळीच्या टोकांना मेण फासलं आणि सावलीत ठेवून दिलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे केलं नाही तर लाकूड टोकाकडून तडकलंच म्हणून समजा. वाळल्यावर ताट लंबगोल होतं, मग दुसऱ्यांदा कातून गोल करायचं.

सगळ्यात जास्त वेळ काठाने खाल्ला. बाहेरून काठ सरळ उभा आहे, आतून मात्र वरची कड किंचित आत झुकलेली आहे आणि तिच्याखाली बोटाच्या पेराएवढी खोबण. कालवलेला घास बोटांनी पुढे ढकलला की तो काठावरून बाहेर सांडत नाही, खोबणीत वळतो आणि बोटांवर परत येतो. साध्या गोल पटाशीने हे जमत नाही, पातं कडेखाली पोचतच नाही. मी जुन्या कानशीचं टोक तापवून वाकवलं, पुन्हा पाणी दिलं (तापवून बुडवून कडक केलं) आणि त्याने खरवडत खोबण काढली. खोबणीत कोपरा राहू देऊ नका, तिथं वरण सुकून बसतं आणि धुताना निघत नाही.

आत्या अजून पाटावर बसून जेवते, ताट चौरंगावर. बुडाशी एक चर पाडून त्यात सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी बसवली. चिकटवली नाही, म्हणजे काढून धुता येते.

तेलाबाबत: शेंगदाणा आणि खोबरेल नको, ती वाळत नाहीत आणि पुढे खवट वास मारतात. जवस चांगलं वाळतं, फक्त घाण्यावरचं घ्या. रंगाच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलामध्ये लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात. फिक्या लाकडाला मी करडईचं तेल लावतोय. मराठवाड्यात त्याला तोटा नाही. जवसापेक्षा हळू वाळतं, पण पिवळं कमी पडतं. पातळ हात, मग ऊन, मग पुन्हा हात. जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. आणि घरात तारेची घासणी लपवून ठेवा. माझं निम्मं तेल तिनेच खाल्लं आहे.

फरक काय पडला? भात बऱ्याचदा संपतो, सांडणं कमी झालंय. भाकरी अजून कुणीतरी कुस्करून द्यावी लागते. घास गिळताना ठसका लागायला लागला तर तिथं ताटाचा उपयोग नाही, डॉक्टरांनाच दाखवायचं.

आता पेला. मे महिन्यात पाणी पोटात जाणं जेवणाइतकंच निकडीचं, आणि स्टीलच्या पेल्यातलं पाणी तिला दिसत नाही. अख्खा लाकडी पेला करणार नाही, तो झिरपतो. स्टीलच्या पेल्याला बाहेरून लाकडी कडं बसवायचं आणि त्यावर लाल लाख चढवायची, असा बेत आहे. उष्णतेने मऊ पडते म्हणून ताटाच्या आत लाख चालणार नाही, पण कड्याला अन्नही लागत नाही आणि चहाचा चटकाही थेट बसत नाही. कर्नाटकातल्या चन्नपटणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर लेथवर लाखेची कांडी दाबून रंग चढवतात, पण त्यांचं लाकूड फिकं आणि मऊ असतं. बाभळीसारख्या घट्ट लाकडावर कुणी लाख धरून पाहिली आहे का? लेथचे फेरे (वेग) किती ठेवले आणि केवड्याच्या पानाने घोटल्यावर चकाकी कमी ठेवता आली का, तेवढं सांगा. मला ती झळाळी नकोच आहे.